सारंगाचा कागद

आमच्या ऑफिसात एक लांबट वही होती. तिच्यात मुदती लिहिलेल्या असत. बोटीची तपासणी कधीपर्यंत चालते, विमा कधी संपतो, आग विझवायचे सिलिंडर कधी भरून आणायचे, कुणाचं सर्टिफिकेट कुठल्या महिन्यात मरतं. ‘मरतं’ हा शब्द आमच्याकडे सरळ वापरला जाई. माणसांच्या पानावर पहिली ओळ सारंगांची होती. ती ओळ जिवंत ठेवणं हे माझं काम. मी ते दोनदा केलं आणि दोन्ही वेळा कागद वेळेत आला.

हरिहरेश्वरच्या पुढे खाडी लागते. अलीकडे रायगड जिल्हा, पलीकडे रत्नागिरी. रस्त्यानं वळसा घालायचा तर दोन-अडीच तास जातात, फेरीबोटीनं काही मिनिटं. कंपनीच्या दोन बोटी होत्या. सपाट तळाच्या, पुढे खाली पडणारी लोखंडी फळी. गाड्या उलट्या चढवायच्या, म्हणजे पलीकडे सरळ उतरतात. वर पत्र्याची केबिन आणि तिच्यात सुकाणूचं चाक. चाक धरतो तो सारंग, इंजिन सांभाळतो तो ड्रायव्हर. जेटीच्या तोंडाशी तिकिटाची खिडकी आणि तिच्या मागे आमचं ऑफिस, म्हणजे दोन टेबलं आणि एक पंखा.

मी मूळची माणगावच्या बाजूची. आमच्या घरी भातशेती, समुद्राशी संबंध नाही. नोकरी लागली तेव्हा मला भरती आणि ओहोटी यातली कुठली बोटीला सोयीची, हेही माहीत नव्हतं. सारंगांनी ते पहिल्याच दिवशी ओळखलं आणि पुढे कधी त्यावरून टोमणा मारला नाही. त्यांच्या बाबतीत ही मोठी सवलत होती.

ते कुणालाच नावानं हाक मारत नसत. तिकीट फाडणारा तो ‘तिकीट’, मॅनेजर ‘वरचे’, मी ‘ऑफिसबाई’. नाव घरी ठेवून कामावर यावं असं त्यांचं मत होतं. त्यांनाही सगळे सारंगच म्हणत. पगाराच्या कागदावर त्यांचं नाव होतं, पण मी ते मोठ्यानं उच्चारल्याचं मला आठवत नाही.

केबिनमध्ये चढण्याआधी ते जेटीवरच्या नळाला पाय धूत. उन्हाळ्यात नळाला पाणी नसलं तर बाटलीतलं पिण्याचं पाणी पायावर घेत. मग अनवाणी चढत. घड्याळ वापरत नसत. केबिनच्या आतल्या पत्र्यावर खडूनं तिथी लिहिलेली असे आणि तिच्याखाली एक आकडा. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हा किनाऱ्यावरचा जुना हिशेब. अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. माझ्या टेबलावर छापील तक्ता होता. मी वर्षभर दोन्ही ताडून पाहिलं. फरक पडे, पण बोट रुतावी इतका कधी पडला नाही.

त्यांची सगळ्यात त्रासाची सवय मला पहिल्या महिन्यातच भोवली. नियमाप्रमाणे प्रत्येक फेरीला बोटीवर किती माणसं आहेत हे लिहावं लागे. तो आकडा सारंगांनी वरून सांगायचा आणि संध्याकाळी मी तो रजिस्टरमध्ये उतरवायचा. मी एका फेरीला एकशे अठरा उतरवले. बोटीला परवानगी शंभराची. मॅनेजर रजिस्टर चाळता चाळता उभेच राहिले. ते जेटीवर धावले, परत आले आणि खुर्चीत बसून हसू लागले. सारंग माणसं मोजत नसत. पाय मोजत.

“डोकी मोजायची न्हायत, बाई,” ते मला म्हणाले. “डोकी मोजली की कमी व्हतात. पाय मोजा. निम्मे करायचं काम तुमचं.”

तेव्हापासून मी निम्मे करू लागले. कडेवरचं मूल त्यांच्या मोजणीत येत नसे, कारण त्याचे पाय बोटीला लागलेले नसत. ती मुलं मी ‘तिकिटा’ला विचारून आकड्यात वेगळी मिळवायची. एकदा आकडा विषम आला. सारंगांनी बोट सोडली नाही. दोनदा मोजलं, तिसऱ्यांदा मोजलं. शेवटी ‘तिकीट’ वर जाऊन सांगून आला की टेम्पोच्या मागे एका पायाचा, कुबडीवाला म्हातारा बसलाय. सारंग खाली उतरले, म्हाताऱ्याला नमस्कार करून परत चढले आणि बोट सुटली. गाडीवाले हॉर्न मारत होते. त्या दिवशीचं रजिस्टर मी हातानं दुरुस्त केलं.

दुसरी गोष्ट सगळ्या खाडीला ठाऊक होती. सारंगांना पोहता येत नव्हतं. पलीकडच्या किनाऱ्यावर त्यांचं घर, घरापासून पाणी हाकेच्या अंतरावर, एकतीस वर्षं बोटीवर, आणि पोहणं नाही. कुणी विचारलं तर म्हणायचे की पोहता येणारा सारंग बोटीवर अर्धाच असतो, उरलेला अर्धा किनाऱ्याकडे बघत असतो. आमचा दुसरा सारंग तरुण होता, चांगला पोहायचा. तो हे ऐकून हसायचा आणि म्हणायचा, मी अर्धा तर अर्धा, पण घरी पोचेन.

पूर्वी सर्टिफिकेटचं नूतनीकरण म्हणजे फॉर्म, फोटो आणि डॉक्टरचा दाखला एवढंच असे. मग नियम आला की दर पाच वर्षांनी उजळणीचं प्रशिक्षण घ्यायचं, तरच कागद पुढे चालू. पहिल्या वेळी ते तीन दिवसांचे वर्ग आणि एक लेखी पेपर इतकंच होतं. सारंग आणि ड्रायव्हर दोघं गेले. वर्गात निम्मे लोक सह्या करून चहाला जात आणि परत येत नसत. सारंग पहिल्या बाकावर बसत आणि विचारलं नसताना उत्तर देत. पेपरात प्रश्न होता की प्रवासी पाण्यात पडला तर प्रथम काय कराल. सारंगांनी लिहिलं, कोण पडला ते बघेन. कोळी असेल तर पुढे जाईन, तो मागून येईल. भरतीची वेळ कशी ठरवाल या प्रश्नाला चार पर्याय होते. त्यांनी एकावरही खूण केली नाही. समासात त्या दिवशीची तिथी लिहिली, पाऊणपट केली आणि वेळ काढून दाखवली. ड्रायव्हर शेजारी बसला होता. त्यानं मला सांगितलं की तपासनिसानं फळ्यावरच्या तक्त्याशी ती वेळ ताडून पाहिली, मान हलवली आणि शून्य दिलं. बाकीच्या उत्तरांवर सारंग कसेबसे पास झाले. नवा कागद आला. त्यांनी तो प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून चपट्या डब्यात ठेवला, वर कापराची वडी. केबिनच्या भिंतीवर त्याची झेरॉक्स लावली. मूळ कागद ते तपासणीवाल्यांनाही सहज दाखवत नसत.

पाच वर्षं गेली. या वेळी प्रशिक्षणात पाण्यातला भाग वाढला होता. जीवरक्षक जॅकेट घालून उंचावरून तलावात उडी, आणि उलटा पडलेला रबरी तराफा सरळ करून त्यात चढणं. हे सगळं पनवेलच्या पुढे एका भाड्याच्या स्विमिंग पुलात. मी सारंगांना पत्र वाचून दाखवलं. त्यांनी ते दोन वेळा वाचायला लावलं.

ते ड्रायव्हरबरोबर गेले आणि दोघं परत आले. ड्रायव्हरचा शेरा पूर्ण, सारंगांचा अपूर्ण. ते तलावाच्या काठापर्यंत गेले, पाणी किती खोल, कुठून येतं, कुठे जातं हे विचारलं आणि मागे फिरले. ‘सारंग पाण्यात न जाताच भिजले,’ असं ड्रायव्हर जेटीवर सांगत होता. सारंग मागेच उभे होते. ते म्हणाले, “व्हय. घाम फुटला.” ड्रायव्हरनं ती गोष्ट पुन्हा कुणाला सांगितली नाही.

कागदाची मुदत संपायला सहा आठवडे उरले होते. मुदत संपली की सारंगांना चाकाला हात लावता येणार नव्हता. मॅनेजरांनी त्यांना जेटीवरचं काम देऊ केलं, फळीपाशी उभं राहून गाड्या चढवायचं. सारंगांनी सरळ सांगितलं की हात हलवत ‘येऊ द्या, येऊ द्या’ करायला ते उभे राहणार नाहीत. बायको गेलेली, दोन्ही मुलगे नालासोपाऱ्याला, ते कधीचे बोलावत होते. सारंग म्हणायचे, तिथे पाणी नळाला येतं. चाक नसेल तर त्यांच्याकडे काहीच नव्हतं. हे सगळ्यांना कळत होतं.

मॅनेजर व्यवहारी माणूस होते. त्यांनी दार लोटून घेतलं आणि सांगितलं की एक ओळखीचा आहे, पाण्यात न उतरताही पूर्ण असा शेरा मिळवून देतो. पुष्कळांनी तसा घेतलाय.

“मग पयल्यांदा कशाला पाठवलंत?” सारंगांनी विचारलं.

सारंगांनी माझ्याकडे वळून पुढच्या वर्गाची तारीख विचारली. मॅनेजरांनी मला बरोबर जायला सांगितलं, फॉर्म जागेवरच भरून घेता यावेत म्हणून. खरं कारण असं की सारंगांना पुन्हा मागे फिरू देऊ नये.

श्रीवर्धनहून सकाळची एसटी. हायवेला लागल्यावर, गाडी खोदलेल्या रस्त्यावर उभी असताना, त्यांनी मला ते सांगितलं. मी विचारलं नव्हतं.

ते एकोणीस वर्षांचे होते. तिघं होडीनं जाळी काढायला गेले होते, ते, त्यांचा थोरला भाऊ आणि भावाचा मेव्हणा. खाडीच्या तोंडाबाहेर होडी उलटली. किनारा समोर दिसत होता. भाऊ आणि मेव्हणा दोघं पट्टीचे पोहणारे. भाऊ म्हणाला, तू धरून राहा, आम्ही माणसं घेऊन येतो. षष्ठी होती, म्हणजे भरती साडेचारची. तेव्हा सकाळचे नऊ वाजले होते आणि पाणी बाहेर जात होतं. दोघं किनाऱ्याकडे पोहत राहिले आणि लहान होत गेले. सारंग उलट्या होडीच्या पाठीवर पालथे पडून हिशेब करत राहिले. साडेदहाला पाणी फिरेल. अकराला होडी हलेल. दुपारी भरतीनं होडी आपसूक खाडीत आणून सोडली, त्यांच्यासकट. भाऊ चार दिवसांनी मिळाला. मेव्हणा मिळाला नाही.

“पाणी परत आणतं,” ते म्हणाले. “फक्त सोडायचं न्हाय.”

गाडी हलली. पुढे पनवेलपर्यंत ते झोपले.

तलाव एका शाळेच्या मागे होता. निळ्या फरशा, क्लोरिनचा वास. बारा जण होते, बहुतेक सारंगांच्या निम्म्या वयाचे. शिकवणारा तरुण, नौदलातून आलेला, बोलायला गोड. तो म्हणाला, “काका, टेन्शन नको. जॅकेट आहे, बुडायचं म्हटलं तरी बुडणार नाही.” सारंगांनी काठावरच्या नळाला पाय धुतले. जॅकेटच्या दोऱ्या स्वतः बांधल्या. शिडीवरून वर गेले, नाक धरलं आणि उडी मारली. मला वाटलं होतं त्याहून लवकर. वर आले, खोकले, तरंगले. बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या.

नंतर तराफा. तो उलटा टाकलेला असतो. त्याच्या पाठीवर चढायचं, तळाला लावलेला पट्टा दोन्ही हातांनी धरायचा आणि स्वतःला मागे पाण्यात टाकून द्यायचं. माणूस मागे पडला तरच तराफा सरळ होतो. सगळ्यांनी ते केलं. सारंगांचा नंबर शेवटचा. ते चढले, पालथे पडले, दोन्ही बाजूंची दोरी मुठीत घेतली, गाल रबराला टेकवला आणि डोळे मिटले.

शिकवणाऱ्यानं सूचना दिली. पुन्हा दिली. शिटी वाजवली. दहा मिनिटं गेली असतील. दोन जण पोहत जवळ गेले, पण सारंगांची बोटं सुटेनात. ते काहीतरी पुटपुटत होते. तलाव लहान होता, मला ऐकू आलं. ते वेळ मोजत होते. साडेदहा. पावणेअकरा. अकरा.

शिकवणाऱ्याच्या हातात पाटी होती आणि पाटीवर त्यांच्या नावासमोरची जागा मोकळी होती. तो माझ्याकडे बघत होता. मी काठावर गुडघे टेकले.

“सारंग,” मी म्हटलं, “भरती लागली.”

त्यांनी डोळे उघडले. माझ्याकडे पाहिलं नाही, पाण्याकडे पाहिलं. पाणी एकदम सपाट होतं. मग त्यांनी एक हात सोडला, पट्टा धरला, दुसरा हात आणला आणि मागे पडले. तराफा उलटून सरळ झाला. ‘परफेक्ट, काका,’ असं म्हणून शिकवणाऱ्यानं पूर्ण लिहिलं. कागदपत्रांवर माझ्या चार सह्या झाल्या.

परतीच्या एसटीनं माणगावला थांबा घेतला. चहा आला. सारंगांचे केस अजून ओले होते.

“आज तिथी कुठली?” त्यांनी विचारलं.

मी मोबाइलवर पाहून सांगितलं, द्वादशी.

“म्हणजे नऊला भरती. तुम्ही बोललात तवा बारा वाजून गेलेले. पाणी भायेर जात व्हतं.”

मी चहाचा ग्लास खाली ठेवला. सोडताना हे तुम्हाला माहीत होतं का, असं विचारलं.

“व्हय.”

“मग का सोडलंत?”

त्यांनी चहा संपवला. गाडीचा हॉर्न वाजला.

“दमलो, बाई,” ते म्हणाले.

नवा कागद तिसऱ्या आठवड्यात आला. पाच वर्षांची मुदत, शिक्का ठसठशीत. मी सारंगांना खाली बोलावलं. त्यांनी कागद वाचला, वहीत पोचल्याची सही केली, मग बगलेतला चपटा डबा माझ्या टेबलावर ठेवला. आत जुना कागद आणि कापराची वडी होती. नवा कागद त्यांनी त्याच्यावर ठेवला आणि झाकण लावलं.

“वहीत लावा. जिवंत हाय,” ते म्हणाले. “आजपासून माझ्या बोटीचं दुसऱ्या सारंगाला सांगा.”

मॅनेजर बाहेर आले. त्यांनी कारण विचारलं. पगार, सुट्टी, पाठदुखी, सगळं विचारून झालं. सारंगांनी एवढंच सांगितलं की चाकावर सोडणारा माणूस नको. मॅनेजरांना ते कळलं नाही. मला कळलं. मॅनेजर हताश होऊन मला म्हणाले, कागद मरायला टेकला होता तेव्हा हे जागचे हलत नव्हते, आता कागद पाच वर्षांचा तर हे निघाले.

सारंग दुपारच्या फेरीनं घरी गेले. तिकीट काढून गेले. खिडकीतला ‘तिकीट’ पैसे घ्यायला तयार नव्हता, त्यांनी ते खिडकीवर ठेवले आणि उभे राहिले. चढताना त्यांनी पाय धुतले नाहीत. खाली डेकवर, गाड्यांच्या मध्ये, पिशवी घेऊन उभे राहिले. वर दुसरा सारंग होता. त्यानं मोजणी केली आणि आकडा वरूनच सांगितला. बोट सुटली.

संध्याकाळी मी रजिस्टर उघडलं. दुपारच्या फेरीचा आकडा त्रेसष्ट होता. मी सवयीनं निम्मे केले. साडेएकतीस आले. मी हिशेब पुन्हा केला, पुन्हा साडेएकतीस. वाटलं, कुणी कुबडीवाला असेल, आणि तिकिटाला विचारायला उठलेही. दाराशी गेल्यावर लक्षात आलं की दुसरा सारंग डोकी मोजतो.

परत येऊन मी त्रेसष्ट लिहिले. त्यात ते होते.